वीतभर अंतर

१

चैत्रात धाराशिवच्या एमआयडीसीत सकाळी नऊलाच पत्रे तडतडायला लागतात. त्या सोमवारी पौर्णिमाचा फोन आला म्हणून मी तिच्या शेडमध्ये पाऊल टाकलं तेव्हा आत तिघंजण उभे होते. तिघंही टेबलाकडे बघत होते आणि एकमेकांची नजर चुकवत होते.

टेबलावर आठ पॉवर बँका मांडल्या होत्या. वाटेत मोबाइल चार्ज करायची ती काळी, तळहाताएवढी डबी आता खेड्यापाड्यातही कुणाला समजावून सांगायला नको. सात धड होत्या. आठवीचं पोट फुटलं होतं आणि कवच वितळून पुन्हा घट्ट झालं होतं. तिला चार्जरची वायर अजून लावलेली होती. पाठीवर एक छोटं पांढरं स्टिकर होतं आणि त्यावर अक्षर होतं, क.

"निकाल लागला, अक्का," शिवपुत्र मला म्हणाले. "आता आपण कशाला डोकं शिणवायचं? कोण नको ते बॅटरीनंच सांगितलं की."

मी उमादेवी. विमा कंपन्यांसाठी आगींची पाहणी करते. आग विझली की मी दारात हजर, म्हणून आमचे हे मला राखेची पाहुणी म्हणायचे. स्वभाव तिखट आहे, हे मीच सांगून टाकते, म्हणजे दुसऱ्या कुणाला तसदी नको. आणि कुणी तयार निकाल हातात दिला की माझं डोकं सणकतं.

प्रकरण असं होतं. पौर्णिमा पुण्यात इंजिनिअरची नोकरी करून गावाकडे परतली होती. स्वतःच्या नावाची पॉवर बँक काढायची आणि पहिला माल येरमाळ्याच्या चैत्री यात्रेत विकायचा, असं तिनं ठरवलं होतं. विकणार तिची आई विठाबाई आणि बचत गटाच्या बायका. भांडवलात अर्धा वाटा शिवपुत्रांचा. ते मूळचे किराण्याचे व्यापारी, वयानं वडीलधारे, म्हणून ती त्यांना काका म्हणते, जशी मला मावशी. पण माल बनवून कोण देणार? गाळून गाळून दोन कारखाने उरले होते. एक पुण्याकडचा वरद, दुसरा हैदराबादकडचा निर्मल. दोघांकडे सरकारी मानकांचे दाखले होते. पौर्णिमानं दोघांना एकसारखी काळी कवचं पाठवली आणि आत तुमची बॅटरी भरून चार-चार नमुने द्या म्हणून सांगितलं. बघणाऱ्याचा कल कुठं झुकू नये म्हणून वरदवर क आणि निर्मलवर ख चिकटवलं. बाहेरून ओळखायची खूण तेवढीच.

संध्याकाळी निर्मलचा माणूस रणधीर सही घ्यायला येणार होता. यात्रा पंधरवड्यावर होती. चुकीच्या कागदावर सही झाली, तर ही अशी डबी हजारो लोकांच्या अंगाखांद्यावर फिरणार होती.

"घ्या, आधी श्रीशैलची विभूती घ्या," शिवपुत्रांनी खिशातून पुरचुंडी काढली. त्यांच्या कपाळावर तीन पट्टे ताजे होते. मीही त्यांच्यासारखी लिंगायतच, नाही कशाला म्हणू? बोटाला घेतली. भीमसेनी कापराचा घमघमाट आला.

तिसरा अमरदीप. नमुन्यांची तपासणी त्याच्याकडे. पोरगं रडायच्या बेतात होतं.

"म्या चार्जिंगला लावून गेलो न्हवतो, मॅडम," तो म्हणाला. "शनवारी संध्याकाळी सगळ्या फुल भरल्या, वायरी काढल्या आन् बेंबळीला गावाकडं गेलो. आईशपथ."

"मग वायर काय उंदरानं लावली?" पौर्णिमा कडाडली.

मी जळक्या डबीची वायर हळूच उपसली. पिन लख्ख निघाली, काजळीचा ठिपका नाही. मग डबी उचलली आणि खाली टेबलाच्या सनमायकावरून हात फिरवला. गुळगुळीत होता. एक फोड नाही की डाग नाही.

"पौर्णिमा," मी म्हणाले, "अमरदीपवर नंतर ओरड. आग लागली खरी, पण या टेबलावर लागलेली नाही."

२

आगीला एक चांगली सवय असते. ती खोटं बोलत नाही. खोटं बोलतात ते तिच्यानंतर येणारे.

मी एकेकाला बाहेर लिंबाच्या सावलीत बोलावलं. आधी अमरदीप आला.

"तू नमुने कुठं ठेवायचास?"

"कपाटाच्या खालच्या खणात. एकावर एक, गठ्ठा करून."

"टेबलावर असे मांडून?"

"कशाला मांडीन? जागा लई लागती त्याला."

मग शिवपुत्र आले. घाम पुसत होते, पण त्या उकाड्यात कोण पुसत नव्हतं?

"काल कुठं होता तुम्ही?"

"उमरग्याला की अक्का, दिवसभर. आमच्या पोरीची सोयरीक जुळतीय. आमची मंडळी मल्लम्माबी संगं होती."

"निर्मलच हवा असं तुम्ही पहिल्यापासून म्हणताय म्हणे."

"त्याचा माल स्वस्त पडतो. यात्रेतलं गिऱ्हाईक भाव बघतं, दाखला बघत न्हाय. आन् दाखला तर दोघांकडंबी हाय." ते हसले. "पौर्णिमाला ते वरदवालं आवडतं. काय तर म्हणं, ते कधीबी कारखाना बघू देतात. कारखाना बघून काय डोळ्याला लावायचा?"

पौर्णिमा रविवारी आईबरोबर येरमाळ्यात होती, यात्रेतल्या स्टॉलची जागा नक्की करायला. म्हणजे काल शेडवर यांच्यापैकी कुणीच नव्हतं. निदान सगळे तसं म्हणत होते.

मी परत आत गेले आणि टेबलापुढे नुसती उभी राहिले. काहीतरी डोळ्याला टोचत होतं, पण काय ते कळत नव्हतं. मग सहज हाताची वीत केली आणि दोन डब्यांच्या मधे ठेवली. बरोबर बसली. पुढच्या दोघींच्या मधे ठेवली. तिथंही बसली. आठही डब्या एकमेकींपासून वीतभर लांब होत्या, जेवणाच्या पंगतीत पानं मांडावीत तशा.

साधा माणूस वस्तू ठेवताना जवळजवळ ठेवतो. घाईतला कशाही टाकतो. अशी वीत मोजून ठेवणारी माणसं मी एकाच कामात बघितली होती. तेरखेड्याला, फटाक्यांच्या कामात. तिथं दोन मालांच्या मधे वीतभर मोकळी जागा सोडतात. एकाला काही झालं तर शेजारच्याला झळ लागू नये म्हणून. तिथं नवीन माणसाला पहिल्या दिवशी हेच शिकवतात, आणि पुढं ते हाताला असं लागतं की घरी ताटवाट्यासुद्धा माणूस लांब लांब मांडतो.

"हे ज्यानं मांडलं," मी म्हणाले, "तो आगीला चांगला ओळखतो."

पौर्णिमाच्या चेहऱ्याचा रंग उतरला. मी काही विचारायच्या आत ती खालच्या आवाजात बोलली.

"मावशी, माझ्या बाबांनी तेरखेड्याला निम्मं आयुष्य घालवलंय. आणि रात्रंदिवस शेडवर तेच असतात."

३

मच्छिंद्रभाऊ शेडच्या मागच्या खोलीत राहायचे. मुलीनं त्यांना राखणीला ठेवलं होतं असं लोक म्हणत. खरं तर ते स्वतःच राहिले होते, कारण मुलीचं काम म्हणजे त्यांचा जीव होता. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता आणि त्याला ताज्या जास्वंदीचं फूल होतं. मी आत गेले तसे ते उठून उभे राहिले.

"जय भीम, ताई."

"जय भीम. बसा बसा. हाताला काय झालं?"

उजवा हात गमछ्यात गुंडाळलेला होता. "काय न्हाय. चहा सांडला."

"भाऊ, मी भाजलेले हात बघतच म्हातारी झाले. चहा सांडला की हात वरून भाजतो. तुमचा तळहात मिटत नाही. म्हणजे तुम्ही काहीतरी तापलेलं उचललंय."

पौर्णिमा दारात उभी होती. त्यांनी तिच्याकडे बघितलं, आणि तिथंच त्यांचा बांध फुटला.

"शनवारी रातच्याला अवकाळी झोडपून गेला, ताई. पत्रा गळला. सकाळी बघतो तर कपाटाच्या खणात पाणी. पोरीची सगळी यात्रा त्या खणात! म्या म्हणलं, आत ओल शिरली असंल. आमच्याकडं मालाला ओल लागली की उन्हाला घालायचं. दुसरं औषद न्हाय त्याला. मागल्या ओट्यावर गोणपाट टाकलं आन् मांडल्या सगळ्या."

"वीत-वीत अंतरानं."

"व्हय. तसंच मांडत्यात की." त्यांना त्यात विचारण्यासारखं काही वाटलं नाही. "उन्ह तर असं, की ओट्यावर पाय ठरंना. बाराच्या सुमाराला एक फसफसली, आन् भडका. वाळूची बादली पालथी घातली तिच्यावर. बाकीच्या उचलून आत आणल्या. लई तापल्या व्हत्या."

पौर्णिमा पुढं आली. "बाबा, बॅटरी उन्हात? अहो, ती काय भुईनळा आहे?"

"मला काय म्हाईत, माय? म्या माझ्या अकलेनं केलं. तुझं काम नासलं माझ्या हातानं." म्हातारा लहान पोरासारखा रडायला लागला. तिनं त्यांचं डोकं पोटाशी धरलं, रागावलेलीच होती तरी.

मला त्या दोघांचं वाईट वाटलं, पण माझं काम संपलं नव्हतं. "भाऊ, जळकीसुद्धा टेबलावर तुम्हीच ठेवली ना, बाकीच्यांबरोबर?"

"व्हय, म्याच."

"आणि तिला वायर?"

ते खाली बघायला लागले. "ते इचारू नगा, ताई. म्या शबूद दिलाय."

म्हणजे काल इथं आणखी कुणीतरी होतं. मी जवळ बसले आणि हळूच गमछा सोडला. तळहाताला मोठे फोड आले होते. मनगटाच्या वर, जिथं कातडी धड होती तिथं, कुणीतरी तीन बोटांनी पांढरी राख ओढली होती. तीन पट्टे, सरळ. मी वाकले आणि वास घेतला.

ज्यांच्या घरात बाबासाहेबांशिवाय दुसरा फोटो नाही, ज्यांच्या वडिलांनी छप्पन्न सालानंतर देव घराबाहेर ठेवले, ते मच्छिंद्रभाऊ स्वतःच्या हातानं विभूती ओढणार नाहीत. पण समोरच्यानं घाबऱ्याघुबऱ्या, मायेनं ओढली, तर त्याचा हातही झिडकारणार नाहीत.

"नाव सांगू नका, भाऊ," मी म्हणाले. "तुमचा शब्द राहू द्या. मला कापराच्या वासानं सांगितलंय."

४

मी सगळ्यांना टेबलाभोवती उभं केलं. मच्छिंद्रभाऊंना स्टुलावर बसवलं आणि अमरदीपकडून चिमटा मागून घेतला.

"कवच मेणासारखं वितळलं," मी जळक्या डबीवर बोट ठेवलं, "आणि त्यावरचं कागदी स्टिकर पांढरंशुभ्र राहिलं. सकाळपासून आपण सगळे ते बघतोय आणि कुणालाच नवल वाटलं नाही. मलासुद्धा नाही, आधी."

चिमट्यानं स्टिकर सोलून काढलं. खाली काजळी होती. काळी, दाट, आजूबाजूला होती तशीच.

"स्टिकर आगीच्या वेळी असतं, तर त्याच्याखाली काजळी शिरली नसती. म्हणजे हे क आग विझल्यावर लावलंय. मूळचं स्टिकर जळून गेलं. आता विचार करा. मूळचं क असतं तर पुन्हा क लावायची गरज कुणाला पडली असती?"

वर पत्रा तेवढा तडतडत होता.

"अमरदीप, उरलेल्या सात उघड. तीन क आणि चार ख. बघ आत काय आहे."

तो कामात तरबेज होता. एकेक कवच उघडून त्यानं ओळीनं मांडलं. मग स्वतःच थबकला. "मॅडम, ह्या चार आतनं सारख्या हायत. बॅटरीबी एकच, सर्किटबी एकच. आन् ह्या तिघी येगळ्या."

"चार सारख्यांवर अक्षरं काय?"

"तिघींवर क." त्यानं चौथी उलटी केली. "हिच्यावर ख."

"ती मुळात क होती. तिचं क काढून जळकीला लावलं आणि तिला तुझ्या ड्रॉवरमधलं नवीन ख लावलं. वरद चारच्या चार धड आहे. उन्हात पेटली ती निर्मलची."

अमरदीपनं पहिल्यांदा मान वर केली.

मी शिवपुत्रांकडे वळले. "तुम्ही काल दिवसभर उमरग्याला नव्हता. मच्छिंद्रभाऊंनी घाबरून तुम्हाला फोन केला, कारण पौर्णिमाला करायची त्यांची छाती झाली नाही. तुम्ही धावत आलात. त्यांचा हात बघून तुम्ही त्यांच्या मनगटावर तुमची श्रीशैलची विभूती लावलीत. तेवढं केलं नसतंत, तर मी अजून अंधारात चाचपडत असते. तुमच्या चांगुलपणानं तुम्हाला पकडून दिलं."

शिवपुत्र खाली बसले.

"निर्मलचा मालक माझ्या पोरीचा मामेसासरा होणार," ते म्हणाले. "मी त्याला शब्द दिला, काम तुलाच देतो म्हणून. काल संध्याकाळी उमरग्यात साखरपुडा ठरायचा होता. दुपारी मच्छिंद्रचा फोन आला. मी त्याला म्हणलं, तू उन्हात ठेवल्यास हे पोरीला कळलं तर तिला काय वाटंल? कुणाला सांगू नकोस, मी निस्तरतो. आन् त्याला पाणी आणायला पाठवून स्टिकरं बदलली. त्याला ह्यातलं काय म्हाईत न्हाय."

"आणि अमरदीप?" पौर्णिमानं विचारलं. "वायर लावून आळ त्याच्यावर ढकललात, काका?"

"त्याला मी दुसरीकडं चिकटवून दिलं असतं." मग ते जरा उसळले. "आन् असं काय आभाळ कोसळलं? आगीसारख्या उन्हात ठेवल्यावर एक पेटली. हजारात एखादी पेटतीच!"

माझं डोकं सणकलं. पण मी आवाज चढवला नाही.

"यात्रेत ऊन नसतं का? एसटीच्या खिडकीत, गाडीच्या टाकीवर, पालखी थांबते त्या उघड्या चुन्याच्या रानात? दाखला नमुन्याला मिळतो, शिवपुत्र. लोकांच्या हातात पडतो तो माल. आणि इथं तर नमुनाच पेटला. मला एक सांगा, मल्लम्मा मोबाइल कुठं ठेवते?"

"म्हणजे?"

"गड्याला खिसा असतो. तो तापलं तर काढून फेकतो. आपल्या बायका कुठं ठेवतात?"

सगळ्यांनाच ठाऊक होतं. मोबाइल, पैसे, देवाचा अंगारा, सगळं बाई पोलक्यात ठेवते, छातीशी. पॉवर बँकही तिथंच जाणार.

"हजारात एक," मी म्हणाले. "ती एक कोण, ते तुम्ही ठरवणार का?"

शिवपुत्रांनी डोळ्यांवर हात ठेवला. "अय्यो," एवढंच त्यांच्या तोंडून आलं. मग उठले, मच्छिंद्रभाऊंपुढं गेले आणि त्यांच्या भाजलेल्या हाताकडे बघत उभे राहिले. "मच्छिंद्र, तुझा शब्द तू पाळलास. माझा शब्द मात्र मी चुकीच्या माणसाला दिला."

"जाऊ द्या शेट," भाऊ म्हणाले. "आधी पोरासंगं बोला." आणि अमरदीपकडे बोट केलं.

५

अमरदीपची माफी शिवपुत्रांनीही मागितली आणि पौर्णिमानंही. पौर्णिमाला जास्त जड गेलं, कारण तिनं सकाळी त्याचं ऐकूनच घेतलं नव्हतं. नंतर तिनं मला विचारलं, "मावशी, मग वरदवर सही करू ना?"

"एक नापास झाला म्हणजे दुसरा पास झाला असं कुठल्या शाळेत असतं?" मी म्हणाले. "चार नमुने त्यांनी निवडून पाठवलेले. पोरगी बघायला गेल्यावर घरात जो चिवडा मिळतो, तो रोज मिळेल असं समजू नये."

ती पहिल्यांदा हसली. मग विचारात पडली. "बाबा, तेरखेड्याला गिऱ्हाईक माल कसा बघायचं?"

"दुकानदारानं दिलेला कुणी बघतच न्हवतं. गोदामात जायचं, मधल्याच डब्यात हात घालायचा, आन् हाताला येईल तो वाजवायचा."

तिनं तिथंच दोन्ही कारखान्यांना फोन लावला, आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा. बोलली एकच गोष्ट. उद्या-परवा येते, गोदामातला डबा मी उचलणार, त्यातले नग आधी प्रयोगशाळेला जाणार आणि उरलेले माझ्या ओट्यावर उन्हात पडणार. पटलं तरच सही.

"मॅडम, असं कुठल्या नियमात लिहिलंय?" रणधीर म्हणाला. "गोदाम दाखवायची आमची पद्धत नाही. आणि तुमच्या काकांशी बोलणं झालंय आमचं."

शिवपुत्रांनी फोन हातात घेतला. "मी शिवपुत्रच बोलतोय. झालेलं बोलणं मोडलं म्हणून समजा. तुमच्या मालकांनाबी सांगा. सोयरिकीचं त्यांना काय करायचं ते करू द्यात."

वरदचा मालक म्हणाला, "या. पण उन्हात ठेवाल तर माणसांपासून लांब ठेवा, आणि कोणता डबा उचलणार ते आम्हाला आधी सांगू नका."

काही दिवसांनी मी बेंबळीकडे जाताना मुद्दाम वाट वाकडी केली. प्रयोगशाळेचा निकाल चांगला आला होता. मागच्या ओट्यावर काळ्या डब्या मांडल्या होत्या, वीत-वीत अंतरानं, आणि बाजूला वाळूच्या बादल्या होत्या. मच्छिंद्रभाऊंचा हात पट्टीत होता, म्हणून मांडणी अमरदीपनं केली होती आणि भाऊ लांबून त्याला चुका सांगत होते. शिवपुत्र लिंबाखाली बसून ओट्याकडे टक लावून बघत होते. सोयरीक अजून तुटली नव्हती आणि जुळलीही नव्हती. तीन दिवस ते असेच बसून होते, असं पौर्णिमा म्हणाली.

ऊन कललं. एकही डबी तापून फुगली नव्हती. विठाबाई गटाच्या बायकांना घेऊन आली होती, आणि मल्लम्मा जेवणाचा डबा. मल्लम्मानं गार झालेली एक पॉवर बँक उचलली, उलटसुलट करून बघितली आणि सवयीनं पोलक्यात सरकवायला गेली.

शिवपुत्र ताडकन उठले. त्यांनी तिच्या हातातून ती काढून घेतली आणि पुन्हा गोणपाटावर ठेवली, शेजारच्या डबीपासून वीत मोजून.

"थांब," ते म्हणाले. "अजून एक दिवस बघू."